पोळेतील घराचे मोल

गेल्या माघ महिन्यात शंखेश्वर तीर्थाची यात्रा करून परतताना अहमदाबाद येथे दोन दिवस मुक्काम घडला. ज्या आप्तांकडे उतरलो होतो, त्यांचे घर साबरमतीच्या पश्चिम तीरावर, नवव्या मजल्यावर. जुन्या शहरात आता पाहण्यासारखे काय उरले आहे, असे त्यांचे मत. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आम्ही उभयता काळुपूरच्या स्वामीनारायण मंदिराच्या प्रांगणात हजर झालो. महानगरपालिकेच्या पुढाकाराने नोव्हेंबर १९९७ पासून येथून जुन्या शहराची पायी फेरी निघते आणि साधारण अडीच तासांनी जामा मशिदीपाशी संपते. १४११ मध्ये अहमदशहाने वसविलेल्या या शहराला २०१७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा शहर म्हणून मान्यता दिली. भारतातील कोणत्याही शहराला मिळालेला हा पहिलाच मान.

मंदिर १८२२ चे. ब्रह्मदेशी सागवानाचे कोरीव, रंगवलेले खांब पाहून झाल्यावर आमचा तेरा जणांचा जथा रस्ता ओलांडून पोळांमध्ये शिरला. कवी दलपतराम यांचे मूळ घर आता नाही. त्या जागी घराची केवळ दर्शनी बाजू उभारली असून ओट्यावर कवींचा पुतळा बसविला आहे. प्रत्येकाने शेजारी बसून छायाचित्र काढून घेतले. आमच्या सौभाग्यवतींनीही.

‘पोळ’ हा शब्द संस्कृत ‘प्रतोली’, म्हणजे वेस, यावरून आला असे सांगतात. एका जातीचे वा एका व्यवसायाचे लोक एका पोळेत राहात. रात्री वेशीचा दरवाजा बंद होई आणि त्यावरील खोलीत पहारेकरी असे. कारभार पंचांकडे. त्यांचा एक जुना नियम मला विशेष रुचला. पोळेतील घर परक्यास विकण्यापूर्वी किंवा गहाण टाकण्यापूर्वी ते आधी पोळेतील रहिवाशांना देऊ करावे लागे. ज्याने नोकरीची छत्तीस वर्षे तारणाच्या कागदपत्रांत घालविली, त्याला या नियमाची किंमत कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

एका चौकात मार्गदर्शक तरुणाने आम्हांस थांबवून सभोवतालच्या घरांची अमदानी ओळखण्यास सांगितले. एका घराची दर्शनी बाजू मराठा काळातील घडणीची, तर शेजारच्या घरावर चुन्यातील रोमन धर्तीचे खांब आणि लोखंडी कठडे, इंग्रजांशी व्यापार वाढल्यानंतरचे. आत मात्र सर्वत्र तोच चौक, तीच ओसरी, चौकाखाली तेच पाण्याचे टांके. अंगरखा राज्यकर्त्यांच्या पद्धतीचा, आतला सदरा आपला, असा हा प्रकार! हाजा पटेलच्या पोळेत काळा रामजीचे मंदिर आहे. नाशिकच्या काळारामाची आठवण होऊन हात आपोआप जोडले गेले, परंतु येथील राम बसलेले आहेत.

मराठ्यांचा विषय निघाला की आपल्याकडील वाचकांस किंचित संकोचविणारी एक हकिकत सांगणे प्राप्त होते. १७२५ मध्ये मराठा फौज हे शहर लुटण्याच्या बेतात असताना नगरशेठ खुशालचंद यांनी स्वतःच्या तिजोरीतून खंडणी भरून शहर वाचविले. ते सुप्रसिद्ध शांतिदास झवेरी यांचे नातू. कृतज्ञ व्यापाऱ्यांनी शहरात छाप पडणाऱ्या मालावर शेकडा चार आणे त्यांना व त्यांच्या वंशजांना कायमचे देण्याचा लेख करून दिला, आणि त्यात हिंदू, जैन व मुसलमान सारेच व्यापारी सामील होते. पुढे १७५८ पासून सुमारे साठ वर्षे पेशवे व गायकवाड यांनी येथे वाटून राज्य केले. ज्या हातांपासून शहर वाचविले, त्याच हातांच्या काळातील घडणही शहराने आपल्या घरांवर सांभाळून ठेवली.

झवेरीवाडातील देरासरे बाहेरून साध्या घरांसारखी दिसतात, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. शिखर नाही, ध्वज चटकन दिसत नाही. उंबरा ओलांडला की संगमरवराचे कोरीव काम समोर येते. काही देरासरांखाली भोंयरी आहेत. शांतिदासांनी सरसपूर येथे बांधलेल्या चिंतामणी पार्श्वनाथ मंदिरावर १६४५ मध्ये सुभेदार औरंगजेबाचा घाला पडला आणि १६४८ मध्ये शहाजहानच्या फर्मानाने ती वास्तू शांतिदासांना परत मिळाली. तेथील काही प्रतिमा याच भोंयऱ्यांत आणल्या गेल्याची परंपरा आहे. आम्ही दर्शनास गेलो तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. केशर घोटलेले, फुले मांडलेली, परंतु पूजेच्या वस्त्रांत अवघे तीन श्रावक. पुजाऱ्याने सांगितले की घरे नदीपार गेली, देव येथेच राहिले.

पुढील पोळेत एका वयोवृद्ध श्रावकांनी आम्हां सर्वांना आपल्या घरात बोलाविले. चौकातील फरशीवरचे तांब्याचे झाकण उघडून त्यांनी टांके दाखविले. पावसाळ्यात पहिल्या सरींनी छप्पर धुऊन निघाले की मगच पाणी आत सोडायचे. अंधार आणि चुन्याची भिंत यांमुळे ते वर्षभर निर्मळ राहते. गाळून उकाळलेले तेच पाणी त्यांनी आम्हांला दिले. भिंतींत विटांच्या थरांमध्ये आडव्या लाकडी पट्ट्या बसविलेल्या होत्या. या पट्ट्यांमुळे हादरा बसला तरी भिंत डोलते, कोसळत नाही. २००१ च्या भूकंपात शहरातील कित्येक नव्या बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांच्या घराला केवळ दोन तडे गेले. रस्त्याकडील सज्ज्याला आधार देणारे कोरीव मदल मात्र एका बाजूला तीनच उरले होते. चौथ्याच्या जागी लोखंडी नळ टेकविला होता. शेजारच्या बंद घराचे मदल जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने उतरवून नेले, हेही त्यांनी शांतपणे सांगितले. दोन्ही मुलगे नदीपलीकडे, पर्युषणात येतात.

मी बँकेत होतो हे सौभाग्यवतींच्या बोलण्यातून त्यांस कळले. लगेच प्रश्न आला, “साहेब, सज्जा दुरुस्त करायला कर्ज मिळेल का?”

उत्तर मला ठाऊक होते. वीस-बावीस वर्षांपूर्वी आमच्या शाखेत एका व्यापारी कुटुंबाचा असाच प्रस्ताव आला होता; वडिलोपार्जित वाड्याच्या दुरुस्तीसाठी. मूल्यांकनाच्या अहवालावर ‘इमारतीचे शिल्लक आयुष्य नगण्य, मोल केवळ जमिनीचे’ असा शेरा माझ्याच अक्षरात आहे. नियमाने तो चुकीचा नव्हता. वाडा विकला गेला. तेथे आता दुकानांचा गाळा आहे. मी त्या वृद्ध गृहस्थांना ही हकिकत लपविली नाही.

जामा मशीद १४२४ ची. दोनशे साठ खांब, पंधरा घुमट. खांबांची घडण पाहिली तर एखाद्या जिनालयाच्या रंगमंडपात उभे असल्याचा भास व्हावा. घडविणारे हात येथील सलाटांचेच. मार्गदर्शकाचे निरूपण उत्तम होते, परंतु माझे लक्ष त्या लोखंडी नळाकडेच राहिले. निरोप घेताना मी त्याला दुरुस्तीच्या पैशांविषयी विचारले. वारसा म्हणून नोंद झालेल्या घराच्या मालकाला न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकता येतो आणि त्या रकमेतून दुरुस्ती करता येते, अशी पालिकेची तरतूद आहे, हे त्याने सांगितले.

दुपारी दिल्ली दरवाजाबाहेरील हठीसिंग मंदिराचे दर्शन घेतले. शेठ हठीसिंगांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी हरकुंवर शेठाणी यांनी खंबीरपणे ते पूर्ण करविले आणि १८४८ मध्ये प्रतिष्ठा झाली. मूलनायक धर्मनाथ भगवान, सभोवती बावन्न देवकुलिका. तेथून रिक्षा मी पुन्हा पोळेकडे वळविली.

वृद्ध गृहस्थांनी कागदपत्रांची पेटी काढून ठेवली होती. जणू मी येणार हे त्यांस ठाऊकच होते. ओसरीवर बसून आम्ही पालिकेला द्यावयाच्या अर्जाचा मसुदा केला. मालकाचे नाव, क्षेत्रफळ, चतुःसीमा. ‘इमारतीचे वय’ येथवर आल्यावर माझा हात थांबला. त्यांनी उठून दिवा लावला आणि मला मधल्या दालनातील तुळईखाली नेले. लाकडात कोरलेले होते : संवत १९३८.

तेच मी लिहिले.