साखळी-जतन आणि ट्रान्झॅक्शनची अखंडता

ऑब्जेक्ट व कोष्टके यांची सांगड घालणाऱ्या हायबरनेट (२००१) आणि जावा पर्सिस्टन्स एपीआय (२००६) यांतील ‘कॅस्केड’ सुविधेविषयी विद्यार्थ्यांत एक गैरसमज आढळतो. त्याचे निराकरण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

समजा, प्रवेश-अर्जासोबत शुल्काच्या तीन नोंदी जतन करावयाच्या आहेत. कॅस्केडमुळे अर्जामागोमाग नोंदीही जतनासाठी घेतल्या जातात. परंतु कॅस्केड केवळ ‘काय जतन करावयाचे’ हे ठरवते. ‘सर्व किंवा काहीच नाही’ ही हमी ट्रान्झॅक्शन देते. ऑटो-कमिट चालू असल्यास प्रत्येक विधान स्वतंत्रपणे कायम होते आणि तिसरी नोंद फसली तरी पहिल्या दोन तशाच राहतात.

शिवाय एसक्यूएल विधाने बहुधा ‘फ्लश’च्या वेळी, म्हणजे सामान्यतः कमिटच्या क्षणी, डेटाबेसकडे जातात. त्यामुळे दोष जतनाच्या ओळीवर न दिसता तेथे उघड होतो. रोलबॅकने डेटाबेस पूर्ववत होतो. स्मृतीतील ऑब्जेक्ट मात्र होत नाहीत. म्हणून ते सेशन टाकून नव्याने आरंभ करणे इष्ट.

सारांश, ट्रान्झॅक्शनची सीमा संपूर्ण कार्याभोवती आखावी. अन्यथा शुल्क भरूनही विद्यार्थ्याची नोंद अपुरी राहण्याचा धोका संभवतो.