टेंपो धाव : संयमित वेगाचा अभ्यास

‘टेंपो’ हा शब्द उच्चारला कीं आपल्याकडे मालाची गाडी डोळ्यांपुढें उभी राहते. धावण्याच्या शास्त्रांत मात्र तो मूळच्या इटालियन अर्थानें, म्हणजे संगीतांतील ‘लय’ या अर्थानें येतो. आपले गवई विलंबित, मध्य व द्रुत अशा तीन लयी मानतात. टेंपो धावेची जागा मध्य व द्रुत यांच्या सीमेवर आहे. साठी उलटल्यावर डॉक्टरांकडून प्रकृति तपासून घेऊन आम्ही धावण्याचा श्रीगणेशा केला, तेव्हां या धावेचा जो अभ्यास घडला तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

धावतांना स्नायू शर्करा जाळतात व त्यांतून ‘लॅक्टेट’ नांवाचें द्रव्य निर्माण होतें. तें केवळ विष होय, असा समज दीर्घकाळ होता. आतां असें सिद्ध झालें आहे कीं, हृदय व इतर स्नायू हेंच द्रव्य इंधन म्हणून वापरतात. सावकाश धावतांना जेवढी जमा तेवढाच खर्च होतो. वेग एका मर्यादेपलीकडे गेला कीं खर्च पुरा पडत नाहीं, शिल्लक सांचत जाते व श्वास तुटूं लागतो. या मर्यादेच्या कांठाकांठानें धावणें म्हणजे टेंपो धाव. मुरलेला धावपटु हा वेग शर्यतींत सुमारें एक तास टिकवूं शकतो. परंतु सरावासाठीं अमेरिकन शिक्षक जॅक डॅनियल्स यांनीं सुमारें २० मिनिटेंच सांगितलीं आहेत. अंगांत शक्ति शिल्लक असतांना थांबणें, हा येथील पहिला नियम.

ही मर्यादा ओळखावी कशी? केवळ घड्याळावर भिस्त ठेवूं नये. मुंबईच्या दमट हवेंत वा वैशाखाच्या उन्हांत तोच वेग अधिक जड पडतो. आम्हांस संस्कृताच्या व्यासंगामुळें एक सोपें माप सांपडलें. अनुष्टुभ् छंदाचा श्लोक म्हणजे आठ-आठ अक्षरांचे चार चरण. सावकाश धावतांना अर्धा श्लोक एका श्वासांत म्हणतां येतो. टेंपो धावेंत एक चरण होतांच श्वास घ्यावा लागतो. चरणहि पुरा होईना, तर वेग अधिक झाला असें समजावें.

नवशिक्यानें अर्धा तास न थांबतां धावतां येईपर्यंत सावकाशच धावावें. नंतर आठवड्यांतून एकदांच हा प्रयोग करावा : दहा मिनिटें मंद धाव, टेंपोचीं पांच मिनिटें, एक मिनिट चाल, पुन्हां टेंपोचीं पांच मिनिटें, आणि शेवटीं दहा मिनिटें मंद धाव. अंग सरावेल तसतशीं पांचांचीं सात, सातांचीं दहा करावीं. छातींत दुखल्यास वा भोंवळ आल्यास तत्काळ थांबून डॉक्टरांस गांठावें.

मुंबईची मॅरेथॉन २००४ सालीं सुरू झाल्यापासून घरोघरच्या मुलांस धावण्याची हौस वाटूं लागली आहे. परंतु तीं पहिल्याच दिवशीं जिवाच्या आकांतानें धावतात, आठव्या दिवशीं गुडघा धरून बसतात, आणि ‘धावणें आम्हांस मानवत नाहीं’ असा निकाल देऊन मोकळीं होतात. वडील मंडळीहि त्यास रुकार देतात. वस्तुतः दूर पल्ल्याची धाव आपल्याकडे नवी नाहीं. बेळगांवचे फडेप्पा चौगुले यांनीं १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्यें मॅरेथॉन धावून १९ वा क्रमांक मिळविला होता. मुलांच्या ठायीं उत्साह पुष्कळ असतो. उणीव असते ती लयीची. घरांतील वडिलांनीं त्यांच्यासह मैदानावर जावें, पहिल्या मिनिटास ‘सावकाश’ म्हणावें व विसाव्या मिनिटास ‘पुरे’ म्हणावें. एवढ्यानें पुष्कळ गुडघे वांचतील.