समजून घ्या : धाराशिवच्या तेरचा रोमशी संबंध काय?

युरोपचा इतिहास म्हटलं की रोम आणि ग्रीस आठवतात. पण या इतिहासाचा एक धागा धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावात सापडतो.

ग्रीक पुस्तकात काय आहे?
इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात 'तगर' या मोठ्या शहराचा उल्लेख आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ते असल्याचं त्यात म्हटलंय. तगर म्हणजेच तेर, असं अभ्यासक जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडलं.

माल कसा जायचा?
तगरचं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांमधून भडोच बंदरात जाई. तिथून मान्सूनच्या वाऱ्यांवर जहाजं तांबड्या समुद्रात शिरत. पुढे इजिप्तमार्गे भूमध्य समुद्र आणि युरोप.

पुरावा काय?
इटलीतलं पॉम्पेई शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथे १९३८ मध्ये भारतीय बनावटीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती तेरमध्येही सापडली आहे.

आपण काय करायचं?
तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडलेल्या वस्तू जपल्या. त्यातूनच तिथलं सरकारी संग्रहालय उभं राहिलं. नांगरताना किंवा पाया खोदताना जुनी नाणी, मूर्ती मिळाल्या तर परस्पर विकू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार, दहा रुपयांहून जास्त किमतीचा असा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. वस्तू नेमकी कुठे सापडली याची नोंद झाली, तरच तिचा इतिहास कळतो.