दूध नको, यात्रा हवी

पाथर्डी तालुक्यात पाहुण्यांची वर्दळ वर्षातून दोनदा हमखास वाढते. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत मढीला कानिफनाथांची यात्रा असते आणि नवरात्रात मोहटादेवीची. शिवाय मे महिन्यात मामाच्या गावाला येणारी मुलं असतातच. घरी पाहुणा आला की आपण आधी चहा टाकतो आणि मुलांच्या हाती दुधाचा पेला देतो. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा तर राज्यातल्या मोठ्या दूध-उत्पादक जिल्ह्यांपैकी एक. अशा घरात एखादं मूल ‘मला दूध नको’ म्हणालं, की सगळे चमकतात. कुणी म्हणतं लाड आहेत, कुणी म्हणतं थोडं खाल्ल्यानं काय होतंय!

खरंच काय होतं? याचं उत्तर मुलामुलांत वेगळं असतं. ते ठाऊक नसल्यामुळे एका मुलाला उगाचच उपाशी ठेवलं जातं, तर दुसऱ्याचा जीव धोक्यात येतो. म्हणून या लेखात आपण दोन मुलांची उदाहरणं घेऊ. एक चौथीतला मुलगा आणि एक चौथीतली मुलगी. दोघांच्याही घरचे एकच वाक्य बोलतात : ‘याला दूध सोसत नाही’, ‘हिला दूध सोसत नाही’. वाक्य एकच असलं, तरी त्यामागची कारणं पूर्णपणे निराळी आहेत.

आधी एक प्रयोग

वर्गात किंवा स्वयंपाकघरात अर्धा लिटर दूध उकळा आणि त्यात लिंबाचा रस थेंबथेंब घालून ढवळा. दूध फाटेल. आता ते स्वच्छ फडक्यातून गाळून घ्या. फडक्यात राहिला तो पांढरा छेना. त्यात मुख्यतः केसीन नावाचं प्रथिन आणि दुधाची स्निग्धता असते. खाली भांड्यात जमलं ते हिरवट-पिवळसर पाणी म्हणजे निवळी. दुधातली बहुतेक सगळी साखर या पाण्यात उतरते, थोडी प्रथिनंही त्यात राहतात. या साखरेचं नाव लॅक्टोज, म्हणजेच दुग्धशर्करा. (वर्गात दुधाची अ‍ॅलर्जी असलेलं मूल असेल तर हा प्रयोग त्याच्यासमोर करू नये. काही मुलांना उकळत्या दुधाच्या वाफेनंही त्रास होतो.)

आपल्या उदाहरणातल्या मुलाचं भांडण भांड्यातल्या पाण्याशी आहे, साखरेशी. मुलीचं भांडण आहे प्रथिनांशी. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं होतं.

मुलाची गोष्ट : साखर न पचणं

लॅक्टोज हा दोन साध्या शर्करांचा जोड असतो, ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांचा. हा जोड तुटल्याशिवाय साखर रक्तात शोषली जात नाही. तो तोडणारं विकर, म्हणजे लॅक्टेज, लहान आतड्याच्या अस्तरात तयार होतं. तान्ह्या बाळात ते भरपूर असतं. दूध सुटण्याच्या वयानंतर अनेकांत ते हळूहळू कमी होत जातं. मग न तुटलेली साखर तशीच मोठ्या आतड्यात पोचते, सोबत पाणी ओढून घेते आणि तिथले जीवाणू ती आंबवतात. त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड असे वायू तयार होतात. पोट फुगतं, गुडगुडतं, कळ येते, जुलाब होतात. त्रास खरा असतो, पण त्यानं जीव जात नाही.

हा आजार म्हणावा का, हाही प्रश्नच आहे. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांची लॅक्टोज पचवण्याची क्षमता कमी झालेली असते. मोठेपणीही दूध सहज पचवणारी माणसंच अल्पसंख्य! त्यांच्यात लॅक्टेजचं उत्पादन चालू ठेवणारा एक जनुकीय बदल असतो. तो २००२ साली फिनलंडच्या संशोधकांनी शोधला. युरोपात आढळणारा हाच बदल भारतातही, विशेषतः पशुपालन करणाऱ्या काही समाजांत, असल्याचं २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसलं. वायव्येकडून दक्षिण-पूर्वेकडे जावं तसं त्याचं प्रमाण घटत जातं. त्याआधी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीत उत्तरेकडच्या सुमारे २७ टक्के आणि दक्षिणेकडच्या सुमारे ६७ टक्के निरोगी लोकांत लॅक्टोज नीट पचत नसल्याचं आढळलं होतं. महाराष्ट्र या दोन टोकांच्या मध्ये वसलेला आहे.

म्हणजे या मुलाचा प्रश्न ‘किती’ असा आहे. असे बरेच जण एका वेळी सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज फारसा त्रास न होता पचवतात, जेवणासोबत घेतलं तर आणखी सोपं जातं. गायीच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे ५ ग्रॅम लॅक्टोज असतं. विद्यार्थ्यांना पुढचं गणित करायला द्यावं. एक लिटर दूध आटवून सुमारे २०० ग्रॅम खवा मिळतो. पाणी उडून जातं, साखर तिथंच राहते. मग ५० ग्रॅम खव्यात लॅक्टोज किती? उत्तर येतं साधारण १२ ग्रॅम. यात्रेत हौसेनं खाल्लेले तीन-चार पेढे त्याला रात्री का महागात पडतात, ते या उत्तरातून कळतं.

उलट तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतंच. दह्याच्या विरजणातले जीवाणू काही साखर आधीच आंबवून टाकतात, उरलेली पचवायलाही मदत करतात. पनीर करताना निवळी निघून जाते. त्यामुळे या मुलाला पोळीवरचं तूप, जेवणानंतरचं ताक किंवा थोडं दही बहुधा चालतं. ‘दुधाचं काहीच नको’ म्हणून त्याचं ताट कोरडं ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. एखाद्या मुलाला मोठ्या हगवणीनंतर काही दिवसच दूध पचत नाही. आतड्याचं अस्तर भरून आलं की ते पुन्हा पचू लागतं.

मुलीची गोष्ट : शरीराची गैरसमजूत

मुलीचं पचन उत्तम आहे. तिच्या रोगप्रतिकार यंत्रणेची मात्र दुधातल्या प्रथिनांबाबत गैरसमजूत झालेली आहे. ती त्यांना शत्रू समजते आणि हल्ला चढवते. त्यातून हिस्टामिनसारखी रसायनं शरीरात सुटतात. दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत, अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलट्या होतात. झटका तीव्र असेल तर श्वास अडकतो, रक्तदाब कोसळतो. हीच दुधाची अ‍ॅलर्जी.

तिचा प्रश्न ‘किती’ असा नाहीच. एक चमचाही पुरे होतो. गायीऐवजी म्हशीचं किंवा शेळीचं दूध दिल्यानं सुटका होत नाही, कारण त्यांची प्रथिनं गायीच्या दुधातल्या प्रथिनांसारखीच असतात. तूपसुद्धा तिला वर्ज्य. लोणी कढवल्यावर तळाशी जी खमंग बेरी राहते, ती मुख्यतः दुधातली प्रथिनंच असतात. तूप कितीही गाळलं तरी त्यांचा अंश उरू शकतो. बरीच मुलं मोठी होता होता या अ‍ॅलर्जीतून बाहेर पडतात. पण ती पडली की नाही, हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली तपासायचं असतं. यात्रेत ‘खाऊन बघ जरासं’ म्हणून नव्हे.

कुणाचं काय?

पेला भरून दूध, बासुंदी, पेढा – मुलगा : त्रास होईल. मुलगी : अजिबात नाही.
दही, ताक, पनीर – मुलगा : बेतानं चालेल. मुलगी : नाही.
तूप – मुलगा : चालेल. मुलगी : नाही.
पंचामृत – मुलगा : पळीभर चालेल. मुलगी : थेंबही नाही.
रेवडी, गूळ-खोबरं, फुटाणे – दोघांनाही चालेल.

पाथर्डीचं ताट

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. दूध वगळलं की मुलाच्या वाट्याला काय उरतं? पाथर्डीसारख्या कोरडवाहू भागात पुष्कळ उरतं! इथलं जुनं जेवण बाजरी-ज्वारी, कडधान्यं, शेंगदाणे आणि तीळ यांवर उभं आहे. भाकरी, पिठलं, ठेचा, मटकीची उसळ, हुलग्याचे शेंगोळे, मासवडी, शेंगदाण्याची चटणी यांत दुधाचा थेंब नसतो. थंडीत हुरडा, उन्हाळ्यात कैरीचं पन्हं, रस्त्याकडेला उसाचा रस, कलिंगड आणि गारेगार. शेंगदाण्याचा लाडू, तिळगूळ, राजगिऱ्याची वडी ही घरची मिठाई. होळीची पुरणपोळीसुद्धा तव्यावर तुपाऐवजी तेल सोडून भाजली आणि दुधाऐवजी गुळाच्या पाण्याच्या गुळवणीत बुडवली, की त्या मुलीलाही इतरांइतकीच मिळते.

प्रसादाचंही तसंच. मढीच्या यात्रेत रेवडीचा मान मोठा. ती तीळ आणि साखर किंवा गूळ यांची असते. मलिद्यात मात्र तूप असतं, म्हणजे तो मुलाला चालेल, मुलीला नाही. नारळ, खडीसाखर, फुटाणे कुठंही मिळतात. (तिळाची किंवा शेंगदाण्याची अ‍ॅलर्जीही काही मुलांना असते, तेवढं विचारून घ्यावं.)

धोका जुन्या जेवणात कमी आणि पाकिटात जास्त असतो. बिस्किटं, पाव, चॉकलेट, मसाला लावलेले वेफर्स यांत दुधाची भुकटी असू शकते. घटकांच्या यादीत ‘मिल्क सॉलिड्स’, ‘व्हे’, ‘केसीन’, ‘केसिनेट’ यांपैकी काहीही दिसलं तर ते दूधच समजावं. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, दूधविरहित नव्हे. पाकिटावर दुधासारख्या अ‍ॅलर्जीकारक घटकांची स्पष्ट नोंद करणं भारतात २०२० च्या लेबलविषयक नियमांनी बंधनकारक आहे. सुट्या मालावर मात्र लेबलच नसतं. म्हणून बसस्टँडवर सुटी खारी घेण्यापेक्षा घरून नेलेल्या धपाट्या बऱ्या. त्यात दही-ताक नको एवढं पाहावं.

दुसरा धोका भांड्यांचा. बासुंदीचा डाव आमटीत गेला, दुधाच्या चहाची गाळणी कोऱ्या चहाला वापरली, तूप लावलेल्या पोळ्यांच्या डब्यात भाकरी ठेवली, तर त्या मुलीपर्यंत दूध पोचतं. तिचं जेवण आधी वाढून बाजूला काढणं हा सगळ्यात सोपा उपाय.

आणि कॅल्शियम? सहलीच्या चार दिवसांत दूध न मिळाल्यानं हाडं कमकुवत होत नाहीत. पण रोजच दूध वर्ज्य असेल तर विचार करायलाच हवा. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम आणि सालासकट तिळात हजाराहून अधिक मिलिग्रॅम असतं. पॉलिशच्या पांढऱ्या तिळात ते बरंच कमी भरतं. शिवाय धान्यांतलं आणि तिळातलं सगळंच कॅल्शियम शरीर शोषून घेत नाही. त्यामुळे अशा मुलाचा रोजचा आहार डॉक्टरांशी बोलून ठरवावा.

मुलाला मजा यावी म्हणून

आपण मोठी माणसं अशा मुलाला दिवसभर ‘हे नको, ते नको’ ऐकवतो. त्यापेक्षा निघण्यापूर्वी त्याच्यासोबत बसून ‘काय काय खाता येईल’ याची यादी करावी. ती यादी लांबलचक निघते आणि मुलाचा चेहरा खुलतो. त्याच्या पिशवीत रेवडी-लाडवाचा डबा असावा आणि तो इतर मुलांना वाटण्याचं कामही त्याच्याकडेच द्यावं. मागणाऱ्यापेक्षा देणाऱ्याचा मान मोठा असतो.

नकार कसा द्यायचा, हेही शिकवावं लागतं. गावाकडे नकार म्हणजे अपमान वाटतो, म्हणून मूल गप्प बसतं आणि खातं. ‘मामी, मला दुधाची अ‍ॅलर्जी आहे. खाल्लं तर दवाखान्यात न्यावं लागतं. मला भाकरी-चटणी द्या ना, ती फार आवडते.’ एवढं मुलीला बोलता आलं की मामीला राग येत नाही, उलट ती दुसऱ्या भाकरीचा आग्रह करते. आईवडिलांनीही आधी निरोप धाडावा. ऐनवेळी सांगितलं तर यजमान ओशाळतात.

तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या मुलासोबत डॉक्टरांनी लिहून दिलेली सूचना आणि औषधं असलीच पाहिजेत. श्वासाचा त्रास, चक्कर किंवा आवाज बसणं अशी लक्षणं दिसली तर अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन हाच पहिला उपाय असतो. नुसत्या खाजेच्या गोळीवर थांबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनानं दवाखाना गाठावा. मुलाला चालवू नये, आडवं झोपवावं. श्वास लागत असेल तर टेकून बसवावं. डोंगरातल्या देवस्थानाला जाण्यापूर्वी जवळचा दवाखाना कुठं आहे, याची चौकशी करून ठेवावी.

शिक्षकांकडून आमची एकच अपेक्षा आहे. सहलीच्या संमतिपत्रात ‘दूध चालतं का?’ एवढं विचारून थांबू नका. ‘दूध घेतल्यावर नेमकं काय होतं आणि किती वेळात होतं?’ हा प्रश्न घाला. पोट गुडगुडतं असं उत्तर आलं, तर त्या मुलाला ताक-भाकरी देता येईल. अंगावर गांधी उठतात किंवा श्वास अडकतो असं उत्तर आलं, तर पालकांना बोलावून घ्या. औषध कोणतं, ते कुणाकडे राहील आणि द्यायचं कुणी, हे बस सुटण्यापूर्वीच ठरवून टाका.