पांढरी सीतेची वेणी : रंग जातो कुठे?

चाकणहून राजगुरुनगरमार्गे भीमाशंकरकडे निघालो, की कारखान्यांच्या शेड मागे पडतात आणि पुढे आंबा, जांभूळ, ऐन अशी जुनी झाडं लागतात. सह्याद्रीतल्या अशा झाडांवर मे-जूनमध्ये फुलांचे लोंबते तुरे दिसतात. ही सीतेची वेणी, ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा. पांढऱ्या फुलावर गुलाबी-जांभळे ठिपके. पण नीट पाहिलं, तर कुठे ठिपके दाट, कुठे विरळ. आणि क्वचित एखादी वेणी पूर्ण पांढरी! ती वेगळी जात नव्हे. मग रंग गेला कुठे?

हे ठिपके अँथोसायनिन गटातल्या रंगद्रव्यांचे. जांभळाचा रंगही त्यांचाच. पेशीत हे द्रव्य टप्प्याटप्प्याने बनतं आणि प्रत्येक टप्प्यावर एक विकर काम करतं. आपल्या पट्ट्यातल्या असेंब्ली लाइनसारखंच समजा : एक स्टेशन बंद पडलं, की तयार माल बाहेर येत नाही. हरितद्रव्याची लाइन मात्र वेगळी, म्हणून पानं हिरवीच राहतात.

आता गंमत बघा. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक चांगली असली, तरी बहुधा काम भागतं. म्हणजे ठिपकेवाल्या रोपातही पांढरेपण लपलेलं असू शकतं. अशा दोन रोपांचं परागण झालं, तर सरासरी चारांत एक रोप पांढरं निघेल.

कधी निसर्गच दोन्ही रंग टिकवतो. युरोपातल्या डॅक्टिलोऱ्हायझा सॅम्ब्युसिना या ऑर्किडची फुलं पिवळी किंवा जांभळी असतात, पण त्यांत मध नसतो. फसलेल्या भुंगमाश्या नेहमी दिसणारा रंग टाळून दुसऱ्याकडे वळतात. त्यामुळे दुर्मीळ रंगाचा फायदा होतो, हे 2001 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून दिसलं. सीतेच्या वेणीला हाच नियम लावायची घाई मात्र आपण करू नये.

यातून आपण काय घ्यायचं? पांढरं रोप काढून गॅलरीत टांगलं, म्हणजे तो रंग वाचवला असं होत नाही. रंगांची विविधता एका रोपात नसते, ती आसपासच्या सगळ्या रोपांत मिळून असते. आणि ही रोपं बांडगूळ नव्हेत; त्यांची मुळं फांदीला फक्त धरून असतात, झाडाचा रस शोषत नाहीत. त्यांचं धुळीसारखं बी रुजायला योग्य बुरशीची साथ लागते. रस्ता रुंद करताना जुना आंबा पडला, तर त्याच्याबरोबर हे सगळंच जातं. नवं झाड लावता येतं. पण त्याच्या फांद्यांवर पुन्हा वेण्या लोंबायला कित्येक वर्षं लागतात.