‘पळपुटा’ या विशेषणाआड

दुसऱ्या बाजीरावास ‘पळपुटा’ म्हणून मोकळे होण्याची आपणां सर्वांस सवय जडली आहे. आम्हीही वर्गात वर्षानुवर्षे तेच सांगत आलो. परंतु त्या विशेषणाने या पेशव्याचा खरा दोष झाकला जातो, असे आम्हांस आता वाटते. रणातून पळालेले राजे पुन्हा उभे राहिले आहेत. बाजीरावाच्या शब्दावर मात्र कोणी विसंबेनासेच झाले होते.

इंग्लंडच्या जॉन राजाचे असेच झाले. पुतण्या आर्थर त्याच्या कैदेत नाहीसा झाला. १२१३ मध्ये त्याने आपले राज्य पोपच्या चरणी वाहून मांडलिक म्हणून परत घेतले. जून १२१५ मध्ये सरदारांना सनद लिहून दिली आणि ऑगस्टात पोपकडूनच ती रद्द करवली. आपल्याकडे ही कथा बापलेकांनी वाटून घेतली. पुतण्या नारायणरावाच्या १७७३ मधील खुनाचा ठपका रघुनाथरावावर आला. परक्याच्या पायाशी राज्य ठेवण्याचे काम लेकाने पुरे केले. बापाला बारभाईंनी तरी आवरले होते. लेकाला आवरील असा नाना फडणीस मार्च १८०० मध्ये वारला.

त्या नानाचीच आधी काय गत झाली? ३१ डिसेंबर १७९७ रोजी दौलतराव शिंद्यांच्या छावणीत तो भेटीस गेला, तो फिलोजने दिलेल्या अभयवचनावर विसंबून. आणि तेथेच कैद झाला. या राजकारणात बाजीराव सामील होता. शिंद्यांना कबूल केलेला पैका खजिन्यात नव्हता, तेव्हा १७९८ मध्ये सर्जेराव घाटग्याने पुण्याच्या सावकार-गृहस्थांना छळून तो वसूल केला. आपल्याच राजधानीची ही नागवण बाजीरावाने होऊ दिली.

याच सर्जेरावाची कन्या बायजाबाई. माधवनगरातून जुन्या शहरात गेलो की तिने बांधविलेल्या गोपाळमंदिरापुढे आमची पावले थांबतात. बापाने लुटावे आणि लेकीने देऊळ उभारावे, हा योग विलक्षण खरा!

पण आमच्या उज्जयिनीलाही त्या काळाची झळ पोहोचलीच. सप्टेंबर १७९७ मध्ये शिंद्यांच्या फौजेने मल्हारराव होळकरास पुण्यात मारले. शिंदे-होळकरांचे वैर मिटविणे हे पेशव्याचे काम. बाजीरावाने ते धुमसू दिले. एप्रिल १८०१ मध्ये विठोजी होळकरास त्याने पुण्यात हत्तीच्या पायी दिले. विठोजीने मुलूख लुटला होता, हे खरे. पण तुकोजी होळकराच्या मुलाला असे मरण देणारा धनी होळकरांचा राहिला नाही. जुलैत यशवंतरावाने उज्जयिनीपाशी शिंद्यांची पलटणे बुडवून शहराकडून जबर खंडणी घेतली. ऑक्टोबरात सर्जेरावाने इंदूर जाळून लुटून तिचे उट्टे काढले. दोन्ही शहरांतील रयतेने पुण्याच्या बेइमानीची किंमत भरली.

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरास पराभव होताच बाजीराव पळाला. आमच्या पाठ्यपुस्तकांतली गोष्ट येथून सुरू होते! ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला, आणि पुढच्या मे महिन्यात तो इंग्रजी फौजेच्या आश्रयाने पुण्यात परतला.

३ जून १८१८ रोजी तो अशीरगडाच्या बाजूस माल्कमच्या स्वाधीन झाला. सालीना आठ लाखांचे जे वचन माल्कमने त्यास दिले, ते मात्र कंपनीने १८५१ मध्ये तो वारेपर्यंत पाळले.