पलटणीतला माणूस शोधताना

मुलांनो, पुणे हे फौजेचे जुने ठाणे आहे. लष्कराच्या दक्षिण कमांडचे मुख्यालय येथे आहे. खडकी, घोरपडी, वानवडी या भागांत आजही लष्कराच्या बराकी दिसतात. शहराच्या एका भागाला तर आपण ‘लष्कर’ असेच म्हणतो.

अशा या शहरात आणि आसपासच्या गावांत फौजी घरे पुष्कळ आहेत. कुणाचे पणजोबा, कुणाचे परदादा, कुणाचे परनाना महायुद्धात लढले होते. पहिले महायुद्ध १९१४ ते १९१८ या काळात झाले. त्यात दहा लाखांहून अधिक भारतीय सैनिक समुद्रापार गेले. दुसरे महायुद्ध १९३९ ते १९४५ या काळात झाले. त्या वेळी भारतीय सैन्याची संख्या पंचवीस लाखांच्या घरात पोहोचली होती.

पण घरात विचारले तर उत्तर काय मिळते? “ते बसऱ्याला गेले होते,” किंवा “ते बर्माच्या लढाईत होते.” बस, एवढेच! ते कोणत्या पलटणीत होते? कोठे लढले? परत आले नसतील, तर त्यांचे नाव कोठे कोरलेले आहे? हे सारे शोधता येते. मात्र शोध कोठून सुरू करायचा, हे माहीत हवे.

शोधाची सुरुवात घरातल्या जुन्या पेटीपासून करावी. डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, पत्रे, गणवेशातील फोटो, पदके असे काहीही सापडले, तर जपून ठेवा. पहिल्या महायुद्धातील पदक असेल, तर त्याची कड नीट पाहा. तेथे बारीक अक्षरांत सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पदक घासून चकचकीत करण्याचा मोह टाळा. घासताना ही अक्षरे झिजतात. दुसऱ्या महायुद्धातील कित्येक पदके मात्र नाव न कोरताच दिली गेली. तेव्हा त्यांवर काही दिसले नाही, तर निराश होऊ नका.

या सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे सैनिकाचा क्रमांक. तुम्ही म्हणाल, “नाव माहीत आहे ना, मग क्रमांक कशाला?” याचे कारण साधे आहे. एकाच नावाचे शेकडो सैनिक असत. शिवाय नोंदी इंग्रजीत होत. लिहिणारा कारकून कानाला ऐकू आले तसे लिहून घेई. शेख, सय्यद, जाधव, शिंदे ही नावे इंग्रजीत निरनिराळ्या तऱ्हांनी लिहिलेली आढळतात. काही ठिकाणी आडनावच नसते. फक्त एक नाव, बापाचे नाव आणि गाव, एवढेच असते. म्हणून नाव शोधताना त्याची सगळी स्पेलिंगे करून पाहावी लागतात. नाव फसवते; क्रमांक आणि पलटण सहसा फसवत नाहीत.

क्रमांक मिळाला नाही, तर हुद्द्याकडे पाहा. हुद्दाही बोलतो. ‘सवार’, ‘दफेदार’ किंवा ‘रिसालदार’ असे लिहिले असेल, तर तो माणूस घोडदळातला समजावा. ‘सॅपर’ म्हणजे इंजिनिअर दलातला. ‘गनर’ म्हणजे तोफखान्यातला. ‘शिपाई’ हा सामान्यतः पायदळातला असतो. ‘जमादार’ हा शब्द वाचून झाडलोट करणारा माणूस समजू नका. त्या काळी फौजेत जमादार हा अधिकाराचा हुद्दा होता. आज त्यालाच नायब सुभेदार म्हणतात.

आता पलटणीचे नाव पाहू. येथे नवख्या माणसाचा गोंधळ उडतो, कारण पलटणींची नावे बदलत गेली. पहिल्या महायुद्धात ११० वी मराठा पलटण होती. १९२२ साली सैन्याची फेररचना झाली आणि हीच पलटण पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली. कागदावर ती ‘३/५’ अशी लिहीत. याचा अर्थ पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन. त्याचप्रमाणे १०३ वी पलटण ‘१/५’ झाली आणि १०५ वी ‘२/५’ झाली. म्हणून कोणत्या सालची पलटण, हे आधी पाहावे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. रेजिमेंटच्या नावावरून माणसाचा धर्म किंवा जात ठरवू नका. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या.

क्रमांक आणि पलटण कळली, की पुढचे दार उघडते. पुष्कळांना वाटते, की ब्रिटिशांच्या काळातील सगळे कागद लंडनला असतील. तेथील ब्रिटिश लायब्ररीत अधिकाऱ्यांचे कागद आहेत, हे खरे. पण साध्या शिपायांची सेवापुस्तके तेथे नाहीत. ती ज्या त्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात ठेवली जात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अभिलेख कार्यालय बेळगावला आहे. बॉम्बे सॅपर्सचे तर आपल्या खडकीलाच आहे. तोफखान्याचे नाशिक रोडला आणि रणगाडा दलाचे अहमदनगर म्हणजे आजच्या अहिल्यानगरला आहे. १९४७ साली देशाची फाळणी झाली, तेव्हा रेजिमेंटांचीही वाटणी झाली. बलुच रेजिमेंट, फ्रंटियर फोर्स रेजिमेंट अशा काही रेजिमेंट पाकिस्तानकडे गेल्या.

या कार्यालयाला घरातील मोठ्या माणसाच्या सहीने अर्ज करावा. अर्जात सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, पूर्ण नाव, बापाचे नाव, पलटण, गाव, तालुका, जिल्हा आणि भरतीचे अंदाजे साल लिहावे. अर्जदार सैनिकाचा कोण लागतो, तेही लिहावे. ज्यांना निवृत्तिवेतन नव्हते, अशा सैनिकांचे सेवापत्रक पंचवीस वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे. पण ‘लाँग रोल’ नावाच्या मोठ्या नोंदवहीत त्यांची थोडक्यात नोंद राहते. म्हणून “कागद नष्ट झाले” असे उत्तर आले, तर “लाँग रोलमधील नोंद पाहावी,” अशी पुन्हा विनंती करावी.

जे सैनिक युद्धात मरण पावले, त्यांचा शोध थोडा सोपा आहे. ‘कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन’ ही संस्था दोन्ही महायुद्धांतील मृतांच्या नोंदी ठेवते. तिच्या संकेतस्थळावर नाव, क्रमांक किंवा पलटण घालून शोध घेता येतो. दोन उदाहरणे पाहा. रायगड जिल्ह्यातील नाईक यशवंत घाडगे हे ३/५ मराठा पलटणीचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत ते धारातीर्थी पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; पण त्यांची कबर वा समाधी नाही. त्यांचे नाव इटलीतील कॅसिनो स्मारकावर कोरलेले आहे. जमादार अब्दुल हफीज हे नवव्या जाट रेजिमेंटचे. ६ एप्रिल १९४४ रोजी इम्फाळजवळ ते शहीद झाले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर इम्फाळच्या युद्ध दफनभूमीत आहे. म्हणजे नोंद शोधताना ‘कबर कोठे?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘नाव कोणत्या स्मारकावर?’ हेही विचारावे लागते. आपल्या खडकीतही अशी युद्ध दफनभूमी आणि स्मारक आहे.

पण सर्वांचेच नाव दगडावर आले नाही. पुण्याच्या नावाची ‘सहावी पुणे डिव्हिजन’ १९१४ साली आजच्या इराकमध्ये लढायला गेली. कूत या गावी तिला वेढा पडला. अन्न संपले. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. या मोहिमेतील ज्या मृतांच्या कबरी नाहीत, त्यांच्यासाठी बसऱ्याला मोठे स्मारक उभारले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली. भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली. भारतीय शिपायांची मात्र नावे कोरली नाहीत. पलटणीच्या नावाखाली फक्त त्यांची संख्या लिहिली! २०२१ साली कमिशनने या अन्यायाबद्दल माफी मागितली. ही नावे दगडावर नसली, तरी कागदावर आहेत. ती शोधून काढणे हे आता आपल्यासारख्यांचे काम आहे.

हा शोध नुसत्या हौसेचा नाही. दुसऱ्या महायुद्धातील ज्या सैनिकांना निवृत्तिवेतन नाही, त्यांना व त्यांच्या विधवांना महाराष्ट्र शासन मानधन देते. त्यासाठी सेवेचा पुरावा लागतो. अशी वृद्ध आजी तुमच्या शेजारी असेल, तर तिच्या पेटीतील एक पिवळा कागद तिच्या महिन्याच्या खर्चाची सोय करू शकतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात याची माहिती मिळते.

मुलांनो, कागद वाट पाहतात. माणसे वाट पाहत नाहीत. म्हणून आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांजवळ बसा. विचारा, ऐका आणि वहीत लिहून ठेवा. पलटणीचे अर्धवट नाव, एखाद्या परक्या गावाचे नाव, एखादा आकडा, काहीही चालेल. त्या एका आकड्याच्या मागे तुमच्या घरातला एक माणूस उभा असेल.

शब्दार्थ
पलटण – सैन्याची तुकडी, बटालियन
हुद्दा – पद, दर्जा
अभिलेख – जपून ठेवलेल्या नोंदी, दप्तर
धारातीर्थी पडणे – रणांगणावर मरण येणे
मानधन – सन्मानाने दिलेली रक्कम
वडीलधारी – घरातील मोठी, वयस्कर माणसे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अभिलेख कार्यालय कोठे आहे?
(आ) ‘३/५’ याचा अर्थ काय?
२. ‘नाव फसवते, क्रमांक आणि पलटण सहसा फसवत नाहीत,’ असे लेखात का म्हटले आहे?
३. बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय शिपायांवर कोणता अन्याय झाला?
४. उपक्रम : सैनिक, हवालदार, सुभेदार, रिसालदार या शब्दांना उर्दूत काय म्हणतात ते लिहा.